हाताला कळणारा चिखल

"काका, तुमची लढाई नक्की कुणाशी चाललीये?"

विचारलं. एकदाचं विचारून टाकलं! पाण्याच्या टाकीमागे आमची टोळी तोंडावर हात दाबून खिदळत होती आणि कवळीकाका गच्चीच्या फरशीवर पालथे पडले होते. एक गाल जमिनीला, एक डोळा कॅमेऱ्याला. त्यांच्या नाकासमोर एक रणगाडा उभा होता, माझ्या कंपासपेटीएवढा.

त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणाले, "सध्या धुळीशी. तू उभी आहेस तिथून वारा येतोय. एक तर बाजूला हो, नाहीतर तो थर्माकोल धर."

आता बोला! पैज होती ती प्रश्न विचारून पळून यायची. पण थर्माकोलचा पांढराशुभ्र तुकडा माझ्या पायाशीच पडला होता आणि मी तो उचलून बसले. टाकीमागून लंबूचा आवाज आला, "अगं ये ना, बावळट!" पण तेवढ्यात त्या तुकड्यावरून उडालेलं ऊन रणगाड्याच्या काळोख्या बाजूवर पडलं आणि तिथे गंजाचे ओघळ दिसायला लागले. पाऊस खाऊन खाऊन धरतो ना, तसा गंज. मी म्हटलं, "अय्या, हा खराच गंजलाय!"

"हलू नकोस," काका म्हणाले. "श्वास पण जरा बेताने घे."

टोळी कंटाळून खाली निघून गेली. मी गेले नाही.

माझं असं आहे की गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझी हजेरीसुद्धा शेजारची मुलगी द्यायची. यंदा बाईंनी मला वक्तृत्वाच्या स्पर्धेत ढकललं आणि जे झाकण उडालं ते उडालंच. आई म्हणते, कुणाला सापडलं तर आणून द्या ते, बक्षीस देऊ. त्यामुळे असे पैजेचे प्रश्न हल्ली माझ्याच वाट्याला येतात.

कवळीकाका हे नाव आमच्या टोळीनेच ठेवलेलं. बाजाराच्या रस्त्यावर दातांचा दवाखाना आहे, त्याच्या मागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवतात. दवाखान्यातून प्लास्टरचा जबडा येतो, काका त्याच्यावर दात बसवून परत पाठवतात. ते दात ज्यांच्या तोंडात जातात ती माणसं त्यांना कधी भेटत नाहीत. राहतात आमच्या वरच्या मजल्यावर, एकटे. त्यांच्याकडे कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही, एक कुरिअरवाला सोडून, आणि तोही दारातच सही घेऊन जातो. एकदा आईबरोबर पाण्याच्या मोटारीची वर्गणी द्यायला गेले होते तेव्हा दारातून दिसलं. जेवायच्या टेबलाभोवती चार खुर्च्या आणि त्यातल्या तिनांवर खोकी रचलेली.

तर त्या दिवसापासून मी रविवारी सकाळी गच्चीत जायला लागले. आईनं अट घातली, "गच्चीतच. त्यांच्या घरात पाय ठेवायचा नाही. आणि अभ्यास झाल्यावर." बाबा वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "सेनापती, युद्धावर निघालात? येताना दूध आणा."

काकांनी मला माझ्या नावाने कधीच हाक मारली नाही. "ए रिफ्लेक्टर," ते म्हणायचे, "जरा डावीकडे." याआधी ते थर्माकोल दोन विटांना टेकवून आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवून काम भागवायचे. वारा आला की सगळं कोसळायचं. मग उठायचं, परत लावायचं, परत पालथं पडायचं. किती वर्षं असं चाललं होतं कुणास ठाऊक.

मला कळायला लागलं ते असं. एका फळीवर माती पसरायची, पण ती आधी चाळणीने चाळायची, मग ओढणीच्या कापडातून. कारण साधा मातीचा कण या गाडीशेजारी दगडाएवढा दिसतो. पुढचं चाक आणि मागचं चाक, दोन्ही फोटोत स्वच्छ यायला हवीत. मागचं धूसर झालं की गाडी लहान आहे ही चोरी पकडली जाते. आणि कॅमेरा खाली, अगदी खाली.

"वरून बघितलं की खेळणं," काका म्हणाले. "त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याइतक्या उंचीवरून बघ."

"कुठला माणूस? एकपण माणूस नाहीये तुमच्याकडे."

"असता तर," म्हणाले.

मी गाल फरशीला टेकवला. समोर एक प्रचंड धूड उभं होतं, मागे नुसतं आभाळ आणि सगळीकडे इतकं शांत, की आत्ताच सगळे गाडी सोडून निघून गेलेत असं वाटावं.

आणि हात लावायचा नाही! हा नियम पहिला. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ते तिची केसासारखी तार ओढायचे. त्या तारेची अँटेना, आरशांच्या दांड्या, दिव्यांवरच्या जाळ्या. "नुसती जोराने बघितलीस तरी मोडेल," असं मला सांगायचे.

एकदा त्यांनी एक मोठी गाडी आणली. बिघडलेल्या रणगाड्यांना ओढून आणणारी. तिचं छत अजून बसवलेलं नव्हतं. आत बघते तर काय, बसायच्या जागा, त्यांच्या फाटलेल्या शिवणी, एक लोंबता पट्टा, कोपऱ्यात तेलाचा डाग. फोटो काढून झाला आणि काकांनी छताला गोंद लावून ते पक्कं बसवून टाकलं.

"अहो! आता आतलं कुणाला दिसणार?"

"मास्तरांना फोटो पाठवला ना आत्ता."

मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. गाडीने चार तासांवरच्या गावात राहतात. मॉडेल बनवणाऱ्यांच्या कुठल्याशा गटावर दोघांची ओळख झाली. एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, फोनवरसुद्धा बोललेले नाहीत. नुसते फोटो जायचे आणि संध्याकाळपर्यंत मास्तरांचं उत्तर यायचं. पुढच्या रविवारी काका मला ते वाचून दाखवायचे. मास्तर म्हणजे काय विचारता! 'डाव्या दिव्याची काच रंगवलेली दिसते, काच दिसत नाही.' 'हा ड्रायव्हर डावखुरा होता का? मग दाराची उजवी कड का झिजलीये?'

मला इतका राग यायचा. "किती खडूस आहेत!"

"खडूस?" काकांचा चेहरा असा फुललेला असायचा. "अगं, काय डोळा आहे माणसाचा! ती कड मी स्वतः विसरलो होतो." आणि घरी जाऊन दुरुस्त करायचे.

मग मास्तरांची उत्तरं लहान व्हायला लागली. 'बरं आहे.' मग 'छान.' काका 'छान' वाचायचे आणि फोन उलटा करून ठेवायचे. "आजारी असतील," म्हणायचे. किंवा, "कंटाळले असतील मला."

त्यानंतर काकांनी तो ट्रक केला. वाळूच्या रंगाचा, कारखान्यातून नुकताच बाहेर पडलेला, अंगावर धुळीचा कण नाही असा. हे सगळ्यात अवघड, ते म्हणाले. मळ चुका झाकतो, स्वच्छ गाडी काहीच झाकत नाही. दोन महिने खपले होते बिचारे. ऊन मनासारखं मिळेना म्हणून फोटोला तीन रविवार गेले. शेवटी पाठवला.

उत्तर आलं, 'चिखल उत्तम जमलाय.'

पुढच्या रविवारी काकांनी ते मला दाखवलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. कान लाल झाले होते. "चिखल! कुठाय चिखल? दाखव मला. बघितलंच नाही त्यांनी. न बघताच ठोकून दिलं." त्यांनी काय उत्तर पाठवलं तेही दाखवलं. 'न बघता शाबासकी देऊ नये. ती शाळेतल्या पोरांना द्यावी.'

"काका, हे जरा जास्तच झालं."

"व्हायलाच हवं होतं."

त्यानंतर मास्तरांकडून काही म्हणजे काही आलं नाही. काका दोन-तीन रविवार गच्चीत आले. फळी मांडायचे, माती पसरायचे, कॅमेरा लावायचे आणि फोटो न काढताच आवरायला घ्यायचे. मी आपली बडबडत राहायचे, शाळेतलं, टोळीतलं, काहीही. एकदा म्हणाले, "ऊन चांगलं आहे आज." एवढंच. मग यायचेच थांबले. मी एक रविवार गच्चीत एकटीच बसून आले. दोन विटा आणि वाऱ्याने टाकीखाली जाऊन अडकलेला थर्माकोल. मला माझंच हसू आलं आणि मग नाही आलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट दवाखान्यात गेले. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे, सगळे आ वासून. मध्ये काका, पांढऱ्या भुकटीने माखलेले. डोळे मिटून एका जबड्यावरून अंगठा फिरवत होते.

"झोपलात काय?"

"चावा बघतोय," डोळे न उघडता म्हणाले. "कुठे बारीक टोक राहिलं तर डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं. बस. त्या स्टुलावर नको, ते ओलं आहे."

मी बसले नाही. "मास्तरांना फोन करा."

"नाही."

"का नाही?"

"काय बोलू? आम्ही कधी बोललेलो नाही."

"मग आता बोला."

त्यांनी बराच वेळ हात पुसले. मग फोन काढला, नंबर लावला, आणि पलीकडे घंटी वाजताक्षणी तो विंचू असल्यासारखा माझ्या हातात दिला. "तू बोल. प्रश्न विचारण्यात तू पटाईत."

मी आवाज मोठा ठेवला, त्यांना ऐकू जाईल असा. एक बाई बोलत होत्या. मी सांगितलं, गाड्यांचे फोटो पाठवतात ना, त्या काकांच्या इथून बोलतेय. मास्तर आहेत का?

"मी त्यांची सून," त्या म्हणाल्या. "फोन आता माझ्याकडेच असतो. बाबांना दिसत नाही हो आता."

काकांनी हातातला जबडा खाली ठेवला.

"म्हणजे?"

"पाच-सहा महिने झाले. आधी मधलं दिसेना, कडेचं दिसायचं. मग तेही गेलं. तुमच्या काकांना सांगू नको म्हणाले. फोटो आला की फोन डोळ्याला लावून बसायचे. मग मला विचारायचे, कशाचा आहे गं? मला त्यातलं काय कळतंय? मी म्हणायचे, गाडी आहे. त्या दिवशी विचारलं, चिखल आहे का? मी म्हटलं, आहे वाटतं बाबा, सगळं तपकिरीच दिसतंय. माझंच चुकलं बहुतेक. तो उलटा मेसेज आला, तो मीच वाचून दाखवला त्यांना. म्हणाले, पकडलं मला. तेव्हापासून त्यांनी तो विषयच काढला नाही."

काका नुसते हातानेच नको नको करत होते. मी म्हटलं, परत करते फोन, आणि ठेवला.

शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी दाताचं यंत्र घुंईऽऽ करत होतं. काकांनी जबडा परत उचलला, अंगठा फिरवला, आणि कुठे होतो ते विसरल्यासारखा पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लागले.

"इतके महिने," ते म्हणाले. "इतके महिने ते नुसतं ओळखायचे. मागचं आठवून आठवून."

आणि मी, विचार न करता, जसं हल्ली सगळंच करते तसं, बोलून गेले, "मग फोटो कशाला पाठवताय? गाडीच न्या ना. हातात द्या त्यांच्या."

"हात लावला की मोडतं."

"मोडू दे की!"

इतक्या जोरात ओरडले की शेजारचं यंत्र थांबलं. दारातून दवाखान्यातल्या ताईंनी डोकावून पाहिलं. काकांनी त्यांना "काही नाही" म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं, असं, की मला वाटलं आता हाकलणार.

"आरसे जातील," हळूच म्हणाले. "अँटेना तर जाईलच."

"जाऊ देत."

"हं," म्हणाले.

त्या रविवारी ते गच्चीत आले. कॅमेरा नव्हता. काखेत तो वाळूच्या रंगाचा ट्रक होता आणि हातात एक जुनी वाटी, तिच्यात गोंद, माती आणि कसलासा भुगा. ट्रक फळीवर ठेवून त्यांनी ब्रश वाटीत बुडवला.

"काका! त्याला नाही! दोन महिने लागलेत त्याला!"

"मास्तरांनी सांगितलंय ना, चिखल उत्तम जमलाय म्हणून?" ब्रश चाकावर टेकला होता. "मग असायला नको?"

आणि त्यांनी तो लावला. माती चाळलेली नव्हती, मी वाटीत बोट घालून पाहिलं. चांगली खरखरीत, खड्यांसकट. चाकांशी जाड, वर येईल तशी विरळ, दारापाशी नुसते शिंतोडे. जो माणूस ओढणीतून माती गाळायचा तो आता मोठे खडे निवडून निवडून लावत होता. डोळ्याला इतकं विचित्र दिसत होतं! कुणीतरी शेणात लोळवून आणलेलं खेळणंच.

"फोटोत हे भयंकर दिसेल," मी म्हटलं.

"फोटो काढायचाच नाहीये." ते डोळे मिटून बोट फिरवत होते, कुठे कमी आहे, कुठे जास्त. मग एकदम म्हणाले, "ए रिफ्लेक्टर, डोळे मीट. हात दे."

मला! आजवर ज्या मला जोराने बघायचीसुद्धा परवानगी नव्हती, त्या मला! मी डोळे मिटले. बोटाला आधी गुळगुळीत पत्रा लागला, मग बारीक खरखर, मग खाली खाली जाताना ढेकळं, आणि एका चाकापाशी तर बोटच अडकलं.

"हा इथे रुतला होता," मी म्हटलं. "पुढचं डावं. आणि मग जोर लावून बाहेर काढलाय."

डोळे उघडले तर काका पाठ करून वाटी धूत होते. टाकीचा नळ सोडलेला, वाटी केव्हाच स्वच्छ झालेली.

मास्तरांच्या सुनेला त्यांनी स्वतः फोन केला, येतोय म्हणून. तिकडून निरोप आला, बाबा म्हणतात उगाच त्रास घेऊ नका, मला काय दिसणार आहे. काकांनी मला हे सांगितलं ते अगदी हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं.

"मग? नाही जाणार?"

"जाणार. दार नाही उघडलं तर उंबऱ्यात ठेवीन नि परतीची गाडी धरीन."

त्यांनी तीन खोकी केली होती, आत कापूस. एकात चिखलाचा ट्रक, एकात रणगाडा, एकात ती ओढून आणणारी गाडी. तिचं छत त्यांनी पात्याने सोडवून काढलं होतं, बोटं आत जावीत म्हणून. खोकं गाडीत वरच्या फळीवर ठेवता येत नाही, सीटखाली ठेवता येत नाही. हादरे बसतात. मांडीवरच घ्यावं लागतं आणि एका मांडीवर एकच मावतं. काका तिन्ही खोकी ओळीने मांडून बघत उभे होते. एक उचलून पाहिलं, ठेवलं. दुसरं उचललं.

"एकच नेतो," म्हणाले. "कुठलं नेऊ?"

मी जिना उतरून घरी आले. आई इस्त्री करत होती, बाबा शब्दकोड्याशी झगडत होते.

"आई, बाबा, जरा ऐका. विचारायचं नाहीये, सांगायचंय."

"आलं वादळ," बाबा म्हणाले.

"येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी कवळीकाकांबरोबर मास्तरांकडे जाणार आहे. संध्याकाळपर्यंत परत."

आईनं इस्त्री उभी केली. "एकटी? त्यांच्याबरोबर? मुळीच नाही. आणि सोमवारी चाचणी आहे तुझी. आणि ते मास्तर कोण, कुठले, आपल्याला काय माहीत? आपला काय संबंध?"

"चाचणीचा अभ्यास शनिवारपर्यंत संपवते. हवं तर तपासा. पण मी जाणार. ट्रक माझ्या मांडीवर असणार आहे, तो माझ्या हाताला पाठ आहे. रणगाडा काका घेतील. तिसऱ्या खोक्याला अजून मांडी मिळालेली नाही. तुमच्या दोघांपैकी कोण येतंय, तेवढं ठरवा."